चाळीस आले, चार उरले

"ताई, मी नाशिक जिल्ह्यातला. सध्या पुण्यात अर्थशास्त्रात एम.ए. करतो. वडील शेतकरी संघटनेचे जुने कार्यकर्ते, त्यांचा लाल बिल्ला अजून देवघराच्या फळीवर आहे. मागच्या जूनमध्ये मी आणि दोन मित्रांनी खुल्या अर्थव्यवस्थेच्या धोरणांवर तरुणांचा अभ्यासगट काढला. पहिल्या बैठकीला चाळीस जण आले. आता चार येतात, त्यातला एक माझा रूममेट. विषय आम्ही चांगले घेतो: १९९१ च्या सुधारणा, नियोजन आयोगाचं अपयश, खासगीकरण. तरी पोरं गळतात. वर्गातले मला 'भांडवलदारांचा दलाल' म्हणतात. एका पक्षाच्या युवा आघाडीने तालुक्याचं पद देऊ केलंय. वडील म्हणतात, हे नाद सोड आणि एमपीएससीचा फॉर्म भर. तरुणांना धोरणांच्या अभ्यासात आणि राजकारणात आणायचं तरी कसं? की गट बंदच करून टाकू?"
— निफाड तालुक्यातला एक वाचक

तुझं पत्र दोनदा वाचलं. सोबत पाठवलेलं पहिल्या बैठकीचं सादरीकरणही पाहिलं. बासष्ट स्लाइड! खरं सांगते, विसाव्या स्लाइडनंतर मी चहा टाकायला उठले. पहिल्या स्लाइडवर व्याख्या, दुसरीवर एका परदेशी विचारवंताचा फोटो, मग वाढीच्या दराचे आलेखच आलेख. शेतकरी पहिल्यांदा दिसतो तो एक्केचाळिसाव्या स्लाइडवर, आणि त्याच्या डोक्यावर गवताची हॅट आहे. बाबा रे, निफाड तालुक्यात ही हॅट तू कुणाच्या डोक्यावर पाहिलीस? वडिलांची टोपी घरात खुंटीला असेलच. तिचा फोटो काढून लावायचास.

चेष्टा बाजूला ठेवते, पण दुखणं तिथंच आहे. त्या दिवशी आलेल्या चाळीस जणांमध्ये कुणाच्या घरी कांद्याची चाळ असेल, कुणाचा मामा रिक्षा चालवत असेल, कुणाची मावशी कॉलेजच्या फाटकाबाहेर वडापावची गाडी लावत असेल. या सगळ्यांच्या पोटापाण्याला कुठला ना कुठला कायदा रोज चिकटलेला आहे. तू त्यांना त्याबद्दल एकही प्रश्न विचारला नाहीस. दीड तास बोललास आणि मग "काही शंका?" असं विचारलंस. ती पोरं कॉलेजात दिवसभर हेच सोसून आलेली असतात. दुसऱ्या बैठकीला त्यांनी का यावं?

मी बावीस वर्षांची असताना थोरल्या भावाच्या मागे लागून संघटनेच्या एका शिबिराला गेले होते. १९८० चं आंदोलन ताजं होतं. चाकणच्या कांद्यावरून पेटलेला विषय नाशिकच्या रस्त्यांवर येऊन गेला होता, आणि उसाला टनाला ३०० रुपये हा आकडा पोरासोरांना पाठ झाला होता. मला वाटलं होतं, शिबिरात घोषणा शिकवतील. तिथे फळ्यावर एका एकराचा खर्च मांडायला घेतला. बियाणं, शेणखत, बैलजोडीचा रोज, पाळीचं पाणी. मग विचारलं, घरच्या बाईची मजुरी किती धरायची? मागून एक आजोबा म्हणाले, घरच्या बाईला कसली मजुरी? झालं, त्यावर तासभर भांडण. कुणाचा बैल आजारी होता तो खर्च कुठे धरायचा, रात्री पाणी द्यायला जाणाऱ्याचा रोज दिवसाएवढा की जास्त, यावरून जेवायला उशीर झाला. संध्याकाळी फळ्यावर एक आकडा उरला आणि त्या शेजारी बाजारात मिळालेला भाव. दोन्हींमधला फरक पाहून कुणालाच काही बोलायची गरज पडली नाही. ते आजोबा दुसऱ्या दिवशी पुढच्या रांगेत बसले होते, आणि त्यांनी घरच्या बाईची मजुरी धरली होती.

शेतकरी संघटना काढणारे शरद जोशी स्वित्झर्लंडमधली, बर्नच्या जागतिक टपाल संघटनेतली नोकरी सोडून आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला बसले, ते पुस्तकं वाचूनच आले असणार. पण गावोगाव पोचला तो त्यांचा हिशोब. १९७९ नंतरच्या दहा वर्षांत, शाळेची पायरी फारशी न चढलेल्या माणसांनी "भीक नको, घेऊ घामाचे दाम" म्हणत सरकारकडे सबसिडीऐवजी मोकळीक मागितली, हे या देशातलं नवलच म्हणायचं. 'उणे सबसिडी', म्हणजे सरकार भाव पाडून शेतकऱ्याकडूनच काढून घेतं ते, हा शब्द विद्यापीठाच्या आधी पारावर रुळला. तुझे वडील त्या शाळेतले. त्यांना तू तुझ्या गटात एकदा तरी बोलावलंस का? पत्रात तरी तसं दिसत नाही.

तेव्हा पुढची बैठक अशी घे. भाषण नाही, पडदा नाही. प्रत्येकाने घरून किंवा शेजारून कांद्याची एक हिशोबपट्टी आणायची. तीच ती, लासलगावला किंवा पिंपळगावला लिलाव झाल्यावर आडत्याच्या, व्यापाऱ्याच्या पेढीवर मिळते ती. सतरंजीवर पसरा आणि मोठ्याने वाचा. वजन किती, भाव क्विंटलला किती, हमाली किती, तोलाई किती, वाराई किती, आणि हातात किती पडले. रोख पडले की पुढच्या तारखेचा चेक, तेही लिहा. पैसे लगेच देण्याचा नियम आहे; प्रत्यक्षात किती दिवसांनी आले ते बँकेच्या पासबुकात असतं. ट्रॅक्टरचं भाडं पट्टीवर नसतं, ते विचारावं लागेल. चाळीत सडलेला माल तर कुठल्याच कागदावर नसतो.

अशा पन्नास पट्ट्या जमल्या की तुझ्या हातात असं काही असेल जे मंत्रालयातल्या फायलीतही या रूपात सापडणार नाही. आता त्यांच्या तारखा लाव. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क आलं, ऑक्टोबरात टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य (त्याहून स्वस्तात बाहेर पाठवायचा नाही), डिसेंबरात सरळ निर्यातबंदी. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण ५५० डॉलरची अट आणि शुल्क ठेवूनच. शुल्क पुरतं गेलं ते १ एप्रिल २०२५ ला. वीस महिन्यांत इतक्या वेळा दार उघडलं-लावलं. प्रत्येक तारखेच्या आधीच्या आणि नंतरच्या आठवड्यातला भाव शेजारी-शेजारी मांडा. रोजचे किमान, कमाल, सरासरी भाव पणन मंडळाकडे असतात, बाजार समितीच्या फलकावर असतात. नसतील तर माहिती अधिकारात अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणि तीस दिवस. दुसऱ्या वर्षाला असलेल्या पोराने स्वतःच्या नावाने टाकलेल्या अर्जाला सरकारी शिक्क्याचं उत्तर आलं की त्याच्या चेहऱ्यावर काय दिसतं, ते मी पाहिलेलं आहे. तो पुढच्या बैठकीला येतोच.

आणि पुण्यातल्या पोरांना यातून वगळू नकोस. त्यांनी आपापल्या घरात महिनाभर कांद्यावर किती खर्च होतो ते लिहून काढायचं, आणि त्याशेजारी मोबाइलच्या रिचार्जचा खर्च. सरकार शहरातल्या कुणाच्या किती रुपयांसाठी निर्यात थांबवतं, याचं उत्तर त्यांनीच शोधू दे. कदाचित एखादी मुलगी सांगेल की आमच्याकडे डबे करतात, कांदा महागला की महिन्याचं गणित कोसळतं. तेही लिहा. तिचं गणित तुझ्या बाजूचं नाही म्हणून खोटं ठरत नाही.

तू पुण्यात आहेस म्हणून सांगते. बीएमसीसी रस्त्यावरची गोखले संस्था १९३० ची. तिच्या अगदी सुरुवातीच्या प्रकाशनांत पुण्यातल्या फळबाजाराची पाहणी आहे, १९३३ ची. पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. पुढे हेच गाडगीळ सहकाराचे मोठे पुरस्कर्ते झाले, नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले, म्हणजे तुझ्या सादरीकरणातल्या खलनायकांच्या यादीतले. पण फळं कुठून येतात, मध्ये किती हात लागतात, कोण किती घेतं हे बाजारात उभं राहून मोजायला त्यांनी लाज बाळगली नाही. तुझ्या चौघांना घेऊन त्या ग्रंथालयात एक दुपार घालव. आणखी एक उदाहरण देते. १९१८ साली बाबासाहेब आंबेडकरांनी लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. सगळे तुकडे जोडायच्या गोष्टी करत असताना त्यांनी म्हटलं, नुसता आकार पाहून उपयोग नाही, शेतीवर लोटलेली जास्तीची माणसं उद्योगांत गेल्याशिवाय हे सुटणार नाही. आंबेडकर काही मुक्त बाजारवाले नव्हते, आणि त्यांना ओढून आपल्या फलकावर बसवायचा उद्योग तू करू नयेस. पण विशीतल्या माणसाने धोरणावर काय दर्जाचं काम करावं याचा नमुना हवा असेल तर तो आपल्या घरात आहे. परदेशी फोटो लागत नाही.

आता जरा अवघड भागाकडे येते.

माझ्या ओळखीच्या एका गटाने काही वर्षांपूर्वी शिवार खरेदीचा अभ्यास केला. द्राक्षाचा पट्टा. बाजार समितीबाहेर थेट बागेत विक्री, म्हणजे आपल्या मनातलं आदर्श चित्र. पोरं मोठ्या उमेदीने गेली. पहिल्याच गावात पाच बागायतदार भेटले ज्यांचा माल बाहेरगावचा व्यापारी उचलून घेऊन गेला होता आणि नंतर त्याचा फोन लागत नव्हता. एकाकडे न वटलेले चेक होते, प्लॅस्टिकच्या पिशवीत, घडी घालून. पोलीस म्हणतात दिवाणी मामला, वकील म्हणतो वर्षं लागतील. गटातल्या म्होरक्याने ठरवलं की हे पाच अहवालातून वगळायचे, नाहीतर समितीवाल्यांच्या हातात कोलीत मिळेल. एक मुलगी हटून बसली. म्हणाली, वगळायचं असेल तर माझं नाव काढा. गट त्यावर फुटला आणि अहवाल कधी निघालाच नाही.

माझं मत विचारशील तर ती पाच माणसं हाच त्या अभ्यासाचा गाभा होता. मोकळा बाजार म्हणजे कायदा नसलेला बाजार, अशी समजूत आपल्या विरोधकांची आहे आणि दुर्दैवाने आपल्यातल्याही बऱ्याच जणांची आहे. करार मोडणाऱ्याला महिन्याभरात पकडता येत नसेल तर शेतकरी भरवशासाठी आडत्याकडेच जाणार, मग तो काही का कापेना. म्हणजे विक्रीच्या स्वातंत्र्याचा प्रश्न फिरून तालुक्याच्या न्यायालयात येतो. किती शाळकरी गोष्ट आहे, पण चर्चासत्रांत ती कुणी बोलत नाही, कारण चेकच्या पिशव्या तिथे कुणी आणत नाही. तुझ्या गटाचा एकच नियम असू दे: आपल्या मताविरुद्ध गेलेला आकडा आधी छापायचा.

'दलाल' म्हणतात त्याचं उत्तरही यातूनच निघेल, भांडून निघणार नाही. एक मात्र तपासून घे. तुझ्या पंचवीस-तीस विषयांच्या यादीत उद्योगांना दिलेल्या स्वस्त जमिनी, करमाफी, एकाच कंपनीला सोयीची निविदा, यातलं काहीच नाही. उद्योगपतीला मिळालेली सवलत हा बाजार नव्हे, हे तू जोवर शेतकऱ्याच्या सबसिडीइतक्याच जोरात म्हणत नाहीस तोवर वर्गातल्या पोरांचा संशय अगदीच अनाठायी नाही. राग मानू नकोस.

हमीभावाचंही तेच. शेतकऱ्यांची पोरं तुझ्या गटात आली की पहिल्या महिन्यात हा प्रश्न येणार: सरकारने हातही काढावा आणि भावाची हमीही द्यावी, दोन्ही कसं? त्यांना लगेच गप्प करू नकोस. संघटनेतही यावर आयुष्यभर वाद झाले. घरात कर्ज असलेल्या पोराला तत्त्वाची शुद्धता परवडत नाही. तो वाद तीन बैठका चालू दे.

सगळंच कांद्याभोवती फिरवू नकोस हेही सांगून ठेवते. पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ चा आहे. त्यात नगर पथविक्रेता समितीत चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचेच, तेही निवडून आलेले असावेत असं लिहिलंय. त्या वडापाववाल्या मावशीला हे माहीत आहे का, तिच्याकडे प्रमाणपत्र आहे का, अतिक्रमणाची गाडी महिन्यातून किती वेळा येते आणि गेल्यावर किती रुपये कमी झालेले असतात, हे विचारायला शेतीचं ज्ञान लागत नाही. मुलींना गटात आण असं नुसतं म्हणून त्या येणार नाहीत. दुकानं-आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्याने रात्रपाळीला स्त्रियांच्या संमतीची आणि सुरक्षेची अट घातली. ती संमती प्रत्यक्षात कशी घेतली जाते, हा विषय एखादीला दे आणि तिलाच गट चालवू दे. चांदवडला नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी बायकांचं जे अधिवेशन भरलं, त्याला बायका लोटल्या त्या जमिनीच्या आणि घरातल्या मारहाणीच्या प्रश्नावर. अर्थशास्त्र मागाहून आलं, की आधीपासून तेच होतं, कोण जाणे.

आणि लिहा मराठीत. या विषयावरचं बहुतेक लिखाण इंग्रजीत आहे, आणि मराठीत येतं ते 'नवउदारमतवादी संरचनात्मक समायोजन' अशा थाटात. दोन पानांचं टिपण करा, जे तुझ्या आईला वाचून दाखवता येईल. एक प्रत बाजार समितीच्या सचिवाला, एक आमदाराला, एक नाशिकच्या वर्तमानपत्राला. छापतील न छापतील. पोच मात्र घ्या, शिक्क्याची.

आता राजकारण. युवा आघाडीचं पद घेऊ की नको, असं विचारलंयस. पक्ष कुठला ते तू लिहिलं नाहीस, ते बरं केलंस. मी एवढंच विचारते: त्या पदावर बसून पुढच्या निर्यातबंदीच्या दिवशी तुला बोलता येणार आहे का? १४ सप्टेंबर २०२० ला केंद्राने कांद्याची निर्यात थांबवली. तीनच दिवसांनी, १७ तारखेला, लोकसभेत शेतमालाच्या व्यापाराला स्वातंत्र्य देणारं विधेयक मंजूर झालं. त्या आठवड्यात सत्ताधारी पक्षाच्या तालुक्यातल्या कार्यकर्त्याने काय सांगायचं होतं? आणि तिकडे विरोधी पक्षांनी बाजार समित्यांच्या सुधारणा वर्षानुवर्षं आपल्या कागदांत लिहून ठेवल्या होत्या, त्यांच्या कार्यकर्त्याने त्याच सुधारणांविरुद्ध कुठल्या तोंडाने घोषणा द्यायच्या होत्या?

त्या तीन कृषी कायद्यांची गोष्ट तुझ्या गटाने नीट अभ्यासावी, कारण अभ्यास आणि राजकारण यांची गाठ कशी सुटते ते त्यात दिसतं. जून २०२० मध्ये अध्यादेश, सप्टेंबरात गोंधळात आवाजी मतदान, जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती, नोव्हेंबरात माघार. मध्ये न्यायालयाने समिती नेमली. तिच्यात शेतीचे अर्थतज्ज्ञ अशोक गुलाटी आणि प्रमोदकुमार जोशी, आणि आपले शेतकरी संघटनेचे अनिल घनवट. त्यांनी मार्च २०२१ मध्ये अहवाल दिला. तो बंद पाकिटात राहिला. वर्षभराने घनवटांनी स्वतःच तो लोकांसमोर ठेवला, तोवर कायदेच उरले नव्हते. मला त्या कायद्यांतलं बरंच पटत होतं. पण ज्याच्यासाठी करायचं त्याच्या पारावर जाऊन आधी भांडायला हवं होतं, घरच्या बाईच्या मजुरीवरून आम्ही भांडलो तसं. पंजाबातल्या शेतकऱ्याची भीती मूर्खपणाची ठरवून पुढे गेलं की काय होतं ते आपण पाहिलं.

निवडणुकीच्या बाबतीत आपल्या विचाराचा इतिहास फारसा सुखाचा नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. राजाजी आणि मिनू मसानींचा स्वतंत्र पक्ष १९५९ मध्ये निघाला, १९६७ मध्ये लोकसभेत ४४ जागांपर्यंत गेला आणि १९७४ मध्ये दुसऱ्या पक्षात विरून गेला. शरद जोशींच्या सभांना लाखांनी माणसं आली, मतपेटीत ती तशी आली नाहीत. त्यांनी १९९४ मध्ये काढलेल्या स्वतंत्र भारत पक्षाचंही तेच. त्यात कायद्याची एक गंमत आहे. १९८९ पासून पक्षाची नोंदणी करायची तर पक्षाच्या घटनेत समाजवादाशी निष्ठा लिहून द्यावी लागते. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २९-अ. म्हणजे उद्या तुम्ही चौघांनी मुक्त बाजाराचा पक्ष काढलात तरी पहिली सही खोटी. राज्यसभेत असताना जोशींनी हे बदलायला खासगी विधेयक आणलं, ते अर्थातच पुढे गेलं नाही. मार्च २०१० मध्ये महिला आरक्षण विधेयकावर राज्यसभेत १८६ विरुद्ध १ असं मतदान झालं. तो एक म्हणजे चांदवडचं अधिवेशन भरवणारे शरद जोशीच. तेव्हा मला त्यांचा राग आला होता, आजही ते मत मला पूर्ण पटत नाही. पण ज्या माणसाला पुढच्या तिकिटाची काळजी आहे तो असं बटण दाबू शकत नाही, एवढं कबूल करावं लागतं.

म्हणून, निदान दोन वर्षं पद घेऊ नकोस. राजकारणापासून लांब राहा असं मी म्हणत नाहीये. गटातल्या कुणाचं वय एकवीस असेल तर ग्रामपंचायतीला उभा राहू दे. बाजार समितीच्या वार्षिक सभेला जा आणि जमाखर्चाची प्रत मागा. सगळ्या पक्षांच्या उमेदवारांना तुमचं दोन पानी टिपण द्या आणि कुणाच्या भाषणात ते येतं ते बघा. दुसऱ्या पक्षाच्या भाषणात आलं तर पोटात दुखू देऊ नकोस. अंबाजोगाईच्या अमर हबीब यांनी सुरू केलेलं किसानपुत्र आंदोलन बघ. शेती सोडून शहरात आलेल्या पोरापोरींना ते बोलावतं, पक्ष न विचारता, आणि मागणी तीन कायदे रद्द करण्याचीच: जमीनधारणेची मर्यादा, आवश्यक वस्तू, जमीन संपादन. शेतकरी साहेबराव करपे यांच्या कुटुंबाने १९८६ मध्ये १९ मार्चला आत्महत्या केली, त्या दिवशी दरवर्षी अन्नत्याग. त्यांची सगळी मांडणी तुला पटेल असं नाही. पण कमाल जमीनधारणा कोरडवाहूला ५४ एकर आणि बारमाही बागायतीला १८ एकर, हे आकडे हिंजवडीत नोकरी करणाऱ्या पोराला तोंडपाठ असतात, हे त्यांनी करून दाखवलंय.

पैशाचं एका ओळीत: चहा-झेरॉक्सपुरती वर्गणी, आणि व्यापारी किंवा पुढारी यांच्याकडून एक रुपया नाही.

राहता राहिले वडील. एमपीएससी आणि हा अभ्यास यांत तू उगीच भांडण लावतोयस. सकाळी पेपर सोडव, रविवारी पट्ट्या जमव. आणि तुझ्यासारख्यासाठी आता नुसती सरकारी नोकरी हा एकच रस्ता नाही, हे त्यांना सांग. दिल्लीत पीआरएस ही संस्था पंचविशीच्या आतल्या पदवीधरांना साधारण वर्षभर खासदारांच्या हाताखाली संसदेच्या कामाला लावते, त्याला लॅम्प फेलोशिप म्हणतात. पार्थ शहा अमेरिकेतलं शिकवणं सोडून आले आणि त्यांनी १९९७ मध्ये दिल्लीत सेंटर फॉर सिव्हिल सोसायटी काढली; तिथे विद्यार्थ्यांकडून रस्त्यावरच्या परवान्यांचे अभ्यास करून घेतले गेले. बंगळुरूत धोरणांचा अभ्यास शिकवणारी तक्षशिला संस्था आहे. मुंबईतला फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज तर १९५६ चा, ए. डी. श्रॉफांनी काढलेला. तिथल्या वक्तृत्व स्पर्धांना एके काळी आमच्या कॉलेजची पोरं जायची, बक्षिसापेक्षा मुंबई बघायला. या सगळ्या ठिकाणी अर्ज करताना तुझ्या बासष्ट स्लाइडपेक्षा पन्नास पट्ट्यांचं दोन पानी टिपण जास्त उपयोगी पडेल.

पण वडिलांचा विरोध पैशामुळेच असेल असं मला वाटत नाही. त्यांनी आंदोलनात वर्षं घातली आणि कांद्याचं दार आजही तसंच उघडतं-लागतं. पोरानेही तेच करावं असं कुठल्या बापाला वाटेल? त्यांना समजवायला जाऊ नकोस. येत्या रविवारी चौघांना घेऊन गावी जा, आणि त्यांना म्हण, तुमच्या वेळच्या पट्ट्या असतील तर दाखवा. असणारच. अशी माणसं पट्ट्या टाकत नाहीत, ट्रंकेत तळाशी ठेवतात. १९८० ची पट्टी आणि २०२३ ची पट्टी शेजारी ठेवा आणि मग तुम्ही पोरांनी गप्प बसा, त्यांना बोलू दे.

आणि हो, गोल्टीचा, म्हणजे बारक्या कांद्याचा भाव वेगळ्या रकान्यात लिही. घाईत तो नेहमी मोठ्या कांद्यात मिसळला जातो आणि सरासरी उगीच खाली येते.

— तुझी ताई